निळ्या तिकिटांची पंगत

बेरिल स्टॅन्सफील्ड चौदाव्या वर्षी शाळेतून बाहेर पडली, ती पुन्हा शाळेचं तोंड बघणार नाही अशी शपथ घेऊनच. मग अठरा वर्षं थॉर्नक्लफच्या लोकरीच्या गिरणीत मागावर उभी राहिली. गिरणीला टाळं लागलं तेव्हा शपथ गुंडाळून ठेवली आणि आमच्या प्राथमिक शाळेत आली. वर्गात नाही, स्वयंपाकघरात. दुपारचं जेवण वाढायला.

मी त्याच शाळेची कारकून. हजेऱ्या, पत्रं, सायक्लोस्टाइल, हरवलेले हातमोजे, सगळं माझ्याकडे. माझं नाव फणसळकर. ते यॉर्कशरच्या जिभेला पेलेना, म्हणून पहिल्याच आठवड्यात बेरिलनं मला 'फॅन्सी' करून टाकलं, आणि पुढची एकवीस वर्षं मी फॅन्सीच राहिले.

बाई उंचीनं बेताची, पण दंड पैलवानाचे. आवाज मागांच्या खडखडाटावर कमावलेला. गिरणीतल्या बायकांना एकमेकींचं बोलणं ऐकू यायचं नाही म्हणून त्या ओठ वाचायला शिकायच्या. ती विद्या बेरिलनं जेवणघरात आणली. दीडशे पोरं एकदम कलकलत असताना कोपऱ्यातल्या टेबलावर कोण कुणाला काय म्हणालं, हे तिला वाढता वाढता कळायचं. "केविन, तो शब्द परत काढलास तर कोबी दुप्पट!" अशी आरोळी इकडून जायची आणि तिकडचा केविन गारठायचा. कुणाला रस्सा बटाट्यावर हवा, कुणाला बाजूला, कुणाची आई इस्पितळात आहे म्हणून आज एक डाव जास्त, हे सगळं तिच्या डोक्यात. वहीत काही नाही.

१९८१च्या सप्टेंबरात आमच्याकडे नवे मुख्याध्यापक आले. मिस्टर पिकर्सगिल. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगते. पोरांवर कधी हात उचलला नाही, स्वतःचा चहा स्वतः करायचा. पण त्याला रकान्यांचं वेड होतं. जगातली प्रत्येक गोष्ट कुठल्या ना कुठल्या रकान्यात बसलीच पाहिजे. जेवणाचे पैसे भरणारी पोरं आणि घरच्या तंगीमुळे फुकट जेवणारी पोरं यांची गोळाबेरीज रोज चुकते, हे त्याच्या ध्यानात आलं आणि त्यानं तोडगा काढला. पैसे भरणाऱ्यांना पिवळं तिकीट. फुकटवाल्यांना निळं. दोन रांगा. आधी पिवळी, मग निळी. म्हणजे मोजायला सोपं.

तिकिटं छापली मी. कापलीही मीच. निळा कागद छान होता, आभाळासारखा, आणि कापताना माझ्या मनात काही म्हणजे काही आलं नाही. हे मला अजून डाचतं.

पहिल्याच आठवड्यात काय ते कळलं. पिवळी रांग पुढे, त्यामुळे मांस-बटाट्याचं सारण भरलेल्या 'पाय'चे कडेचे कुरकुरीत तुकडे त्यांचे. निळी रांग येईपर्यंत मधला गिच्च भाग उरायचा. गोडाला काकवीचा स्पंज केक असला की निळ्यांना बहुधा रव्याची खीर. पोरं ती पोरंच. 'निळ्या' ही शिवी झाली. मैदानात खेळायला भिडू निवडताना 'निळ्या नको' सुरू झालं. एका टेबलावर कुजबुजलेलं बेरिलनं खोलीच्या दुसऱ्या टोकाला डाव हातात धरून वाचलं, आणि त्या दिवशी ती ओरडली नाही. पुढच्या ताटात वाढत राहिली. ते जास्त भीतिदायक होतं.

दुसऱ्या वर्गातली जनीन क्रॅबट्री नावाची एक मुलगी तर रांगेतच येईना. "मला भूक नाही," म्हणायची आणि कोटांच्या खुंट्यांखाली जाऊन बसायची. तिची आई एकदा माझ्या टेबलापाशी आली, फुकट जेवणाचा अर्ज परत मागितला आणि माझ्यासमोरच फाडून टाकला. अशी आणखी चार घरं झाली. महिन्याच्या शेवटी पिकर्सगिलसाहेब तक्ता बघून खूश. "निळ्यांची संख्या उतरली की! गरज कमी होतेय, मिसेस फणसळकर." (माझं नाव नीट घेणारा तो एकटाच, हेही सांगायला हवं.)

दुसऱ्या दिवशी बेरिलनं काउंटरवर कस्टर्ड घोटायचा भला मोठा वाडगा ठेवला आणि जाहीर केलं, "एकच रांग. तिकीट उपडं करून वाडग्यात टाका. मी काही बघत नाही."

आठवडाभर तसं चाललं. मग साहेबांचं बोलावणं आलं. माझं टेबल त्यांच्या दाराबाहेरच, आणि दार ओढून घेतलं तरी एक बोटभर उघडं राहायचं. मी ऐकत नव्हते. ऐकू येत होतं.

"मिसेस स्टॅन्सफील्ड, काल निळी तिकिटं किती जमली?"

"काय की."

"आणि पिवळी?"

"ती पण काय की. मला मेलीला रंग कळेनासे झालेत हल्ली. वय झालं."

"सोमवारी तुम्हीच मला म्हणालात, हा टाय निळा नाही, शेवाळी आहे."

"तो टाय आंधळ्यालाही दिसतो, मिस्टर पिकर्सगिल."

खुर्ची करकरली. मग साहेबांचा आवाज, थकलेला. "हे बघा. तुम्हाला मोकळीक दिली, तर बाकीचे विचारणार, आम्हालाच नियम का? तुमच्यावर कारवाई केली, तर सगळं गाव माझ्या अंगावर येणार. तुम्ही मला फार इनव्हिडिअस जागी आणून ठेवलंय."

बेरिल बाहेर आली ती लालबुंद होऊन. सरळ माझ्या टेबलावर हात टेकले.

"फॅन्सी, तो मला काहीतरी बोलला. शिवी आहे का काय ते सांग."

"काय बोलला?"

"इनसिडिअस."

मी फडताळातला मोठा शब्दकोश काढला. इनसिडिअस सापडला. वाचून दाखवलं: हळूच, नकळत, कपटानं आत शिरून नाश करणारं, जसं एखादं दुखणं.

"मी त्याला दुखण्यात घातलं? भिंतीला ओल चढते तशी मी चढतेय होय? थांब, आत जाऊन त्याला..."

"अगं थांब! तो इनव्हिडिअस म्हणाला. 'व्ही'. मी ऐकलं."

"तू ऐकत होतीस?"

"ऐकू आलं."

परत पानं उलटली. मी बोट ठेवून वाचलं आणि बेरिल ओठ हलवत माझ्यामागून वाचत गेली. अन्यायकारक असल्यामुळे दुसऱ्यांच्या मनात राग, सल किंवा हेवा उत्पन्न करणारं. खाली उदाहरणं होती. दोन सारख्या माणसांत विनाकारण केलेला इनव्हिडिअस भेद. एकाला दुखावणारी इनव्हिडिअस तुलना. आणि शेवटी, जिथे काहीही निवडलं तरी कुणीतरी दुखावणारच, अशी इनव्हिडिअस जागा.

"म्हणजे धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं," मी म्हटलं. "आमच्याकडे असं म्हणतात. साहेब तसा अडकलाय. तुला शिवी नाही दिली."

बेरिलचं तिकडे लक्ष नव्हतं. तिचं बोट पहिल्या उदाहरणावर होतं.

"हे काय लिहिलंय, परत वाच."

"दोन सारख्या माणसांत विनाकारण केलेला भेद."

"अगं, मग ही माझी तिकिटंच की गं!" ती खुर्चीत बसली. "बावीस वर्षं मी वाढतेय, आणि महिनाभर मला जे सलतंय त्याला शब्द आहे? छापलेला? आणि तो या बाबाच्या तोंडात आहे, आणि त्याला दिसत नाही?" मग माझ्याकडे वळून, "तुमच्यात आहे का याला शब्द?"

मला एक सेकंदही लागला नाही. "पंक्तिप्रपंच."

"पंती... काय?"

मी समजावलं. आमच्याकडे लोक जेवायला एका ओळीत बसतात. ती पंगत. एका पंगतीत एकाला तूप वाढायचं आणि शेजारच्याला नाही, एकाच्या पानात लाडू आणि दुसऱ्याच्या पानात नुसता चुरा, हा पंक्तिप्रपंच. वाढणाऱ्यासाठी यापेक्षा मोठी बेअब्रू नाही. आणि आमच्याकडे हे झालं नाही असं समजू नकोस, भरपूर झालंय, म्हणून तर शब्द आहे.

बेरिलनं डोळे बारीक केले. "जेवण वाढण्यावरूनच शब्द केलाय तुम्ही लोकांनी?"

"हो."

"शहाणे आहात," ती म्हणाली आणि उठून कोबी चिरायला गेली.

जेवणघरात दोन रांगा पुन्हा सुरू झाल्या, पण पुढचे दहा दिवस त्या शब्दानं गावात धुमाकूळ घातला. बेरिलला तो इतका आवडला की दिसेल तिथे चिकटवायची. बस उशिरा आली की बस इनव्हिडिअस. पावाच्या दुकानातला पोऱ्या करपलेला पाव देतो, तो इनव्हिडिअस. नवरा नॉर्मन म्हणाला, "आईचं पुडिंग जास्त फुगायचं," तेव्हा तिनं त्याला इनव्हिडिअस तुलना म्हणून जे झापलं, ते मात्र अगदी बरोबर होतं. शेवटी तिनं टेकडीवरच्या मिस लमला गाठलं. मिस लम म्हणजे आमच्याच शाळेच्या निवृत्त बाई, वय ऐंशी, रोज सकाळी पेन्सिल न वापरता शाईनं शब्दकोडं सोडवणाऱ्या. शनिवारी बेरिल त्यांना सूप पोचवायची. त्या शनिवारी मीही बरोबर होते.

"तो पिकर्सगिल एक नंबरचा इनव्हिडिअस माणूस आहे," बेरिल दारातच म्हणाली.

"नाही," मिस लम म्हणाल्या. "सूप ठेव आणि बस."

"तुम्ही त्याला ओळखत नाही."

"मी शब्दाला ओळखते. तो माणसाला लागत नाही, बेरिल. बसलाही लागत नाही आणि पावालाही. कामाला लागतो, भेदाला लागतो, निवडीला, तुलनेला. मूळ लॅटिनमध्ये त्याचा अर्थ वाकड्या डोळ्यानं बघणं. ज्या कृतीमुळे लोक एकमेकांकडे वाकड्या डोळ्यानं बघायला लागतात, ती कृती तशी. माणूस दुष्ट असायलाच हवा असं नाही. बरेचदा तो फक्त नीटनेटका असतो."

बेरिल सुपाच्या भांड्याचं झाकण उघडझाप करत बसली. सूप निवलं.

"म्हणजे त्याच्याशी भांडून उपयोग नाही," ती अखेर म्हणाली.

"तिकिटांशी भांड. पण ती काय करतात ते त्याला दिसू दे."

उतारावरून परत येताना बेरिल माझ्या दंडाला धरून चालत होती आणि मध्येच थांबली. "फॅन्सी, समितीचं जेवण कधी आहे?"

शाळेच्या व्यवस्थापन समितीचे आठ सभासद वर्षातून एकदा पोरांबरोबर जेवायला यायचे. हा जुना रिवाज. जेवण झालं की पोट चोळत म्हणायचे, "आमच्या वेळी असं नव्हतं हो," आणि जायचे. ते जेवण ऑक्टोबरच्या चौथ्या गुरुवारी होतं.

"गुरुवारी आहे. का?"

"नऊ तिकिटं काप. आठ त्यांची, एक साहेबांचं. पाच पिवळी, चार निळी."

"बेरिल, माझी नोकरी आहे गं."

"तिकिटं कापायची. तेच तर करतेस."

हे लागलं. मी कापली.

गुरुवारी समिती आली. अध्यक्ष मिस्टर हेबलथ्वेट, गावचे खाटीक, माणूस दारात मावायचा नाही इतका. चर्चचे पाद्री, हडकुळे आणि कायम भुकेले. एक कौन्सिलरबाई, एक बँकेतले, बाकीचे गावातलेच. बेरिल दारातच स्वच्छ ॲप्रन बांधून उभी, हातात तो वाडगा.

"एकेक काढा. उपडी आहेत. माझी वशिलेबाजी नको."

"हे काय, लॉटरी?" हेबलथ्वेट हसत म्हणाले आणि निळं काढलं. पाद्रीबाबांचंही निळं. पिकर्सगिलसाहेबांनी काढलं ते पिवळं. ते तिकीट बघून साहेबांच्या चेहऱ्यावरचं हसू जरा सैल पडलं. पण पोरांसमोर, समितीसमोर बोलणार काय? पद्धत त्यांचीच.

"पिवळे इकडे. निळे जरा तिकडे भिंतीला थांबा," बेरिल गोड आवाजात म्हणाली. "आधी हे जेवू दे."

सगळे हसले. गंमत वाटली. पाच मिनिटं भिंतीला उभं राहिल्यावर गंमत थोडी कमी झाली. त्या दिवशीचा पाय बेरिलनं असा केला होता की वास रस्त्यापर्यंत जात होता. पिवळ्यांच्या ताटात कुरकुरीत कडा मोडल्याचा आवाज भिंतीपर्यंत येत होता. पाद्रीबाबांची मान बगळ्यासारखी लांब झाली.

"बेरिल, पोरी, आमचा नंबर कधी?" हेबलथ्वेटनी विचारलं.

"पिवळ्यांचं झालं की."

निळ्यांना मधला गिच्च पाय मिळाला. मग गोड आलं. पिवळ्यांना काकवीचा स्पंज, वरून दाट गरम कस्टर्ड. निळ्यांना रव्याची खीर, सायीसकट. आता कोणी हसत नव्हतं. कौन्सिलरबाई आपल्या स्पंजवर हात आडवा धरून खात होत्या, कोणी उचलून नेईल या भीतीनं. आणि हेबलथ्वेट, ज्यांच्या स्वतःच्या दुकानात छतापर्यंत मांस टांगलेलं असायचं, ते पिकर्सगिलसाहेबांच्या शेजारी बसून त्यांच्या ताटाकडे टक लावून बघत होते.

"हा स्पंज संपला की काय?" ते म्हणाले.

"निळ्यांसाठी संपला," बेरिल म्हणाली.

"पण तिकडे तर दिसतोय ट्रेमध्ये!"

"तो कुणी पिवळा दुसऱ्यांदा आला तर."

"हे काही बरोबर नाही हं," पाद्रीबाबा म्हणाले. अगदी लहान मुलासारखे. आणि मग ते थबकले. समोरच्या टेबलावर पोरं चमचे थांबवून बघत होती. पाद्रीबाबांनी त्यांच्याकडे पाहिलं, हातातल्या निळ्या तिकिटाकडे पाहिलं आणि त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

पिकर्सगिलसाहेबांनी चमचा उचलला होता, तो तसाच हवेत. खावं तर शेजारी अध्यक्ष. न खावं तर आपलीच पद्धत खोटी. बेरिल त्यांच्या पाठीमागे येऊन वाकली. कुजबुजली म्हणे, पण गिरणीतली कुजबुज, सगळ्यांनी ऐकली.

"ही बघा, मिस्टर पिकर्सगिल, इनव्हिडिअस जागा. मला नाव ठेवू नका हं. ही जागा मी केली नाही, तुम्हीही नाही. तिकिटांनी केली."

हेबलथ्वेट मोठ्यांदा विचारते झाले, "ती काय म्हणाली? कसली जागा?"

"इनव्हिडिअस," बेरिल ताठ उभी राहून म्हणाली. "जिथे विनाकारण भेद केल्यामुळे माणसं एकमेकांच्या ताटाकडे वाकड्या डोळ्यानं बघायला लागतात. तुम्ही आत्ता बघत होता तसं. तुम्ही दहा मिनिटं बघितलंत, आमची काही पोरं सप्टेंबरपासून बघताहेत. आणि काही बघायची सुद्धा थांबलीत. ती तिकडे कोटांखाली बसतात."

मग तिनं ट्रे उचलला आणि चारही निळ्यांना स्पंज वाढला. कस्टर्ड जरा जास्तच.

तिन्हीसांजेला समितीची बैठक झाली. रंगीत तिकिटं बंद झाली; ठरावाच्या भाषेला वेळ लागला, माणसं राजी व्हायला नाही. पिकर्सगिलसाहेब बैठकीआधी माझ्या टेबलापाशी आले. हातात न खाल्लेल्या स्पंजची बशी होती, कुठे ठेवावी हे त्यांना कळत नव्हतं.

"मिसेस फणसळकर, हिशेब दुसऱ्या कुठल्या तऱ्हेनं ठेवता येईल?"

"यादी माझ्या कप्प्यात ठेवीन, कुलपात. तिकिटं सगळी पांढरी. कुणाचं काय, ते मला ठाऊक आणि कप्प्याला."

"गोळाबेरीज बरोबर येईल?"

"तुमच्याहून बरोबर येईल."

ते चक्क हसले. "तिला विचारा, मी अजून तिच्या जेवणघरात येऊ शकतो का," म्हणाले, आणि बशी माझ्या टेबलावरच विसरून गेले. स्पंज मी खाल्ला. गार होता, तरी उत्तम.

सगळंच गोड झालं असं नाही. चार घरांनी अर्ज पुन्हा भरले. क्रॅबट्रीबाईंनी कधीच भरला नाही. जनीन शाळा सुटेपर्यंत घरून जॅम-पाव आणायची. बेरिल तिच्या टेबलाजवळून जाताना एक वाटी कस्टर्ड ठेवायची आणि म्हणायची, "उरलंय बाई, फेकवत नाही." जनीन कधी खायची, कधी नाही. बेरिलनं आग्रह केला नाही. काही रागांना वेळ द्यायचा असतो, इतकंच म्हणाली.

आणि शब्दांचा नाद काही सुटला नाही. शनिवारची सूपफेरी आता दोन तासांची झाली. मिस लम शाईनं शब्दकोडं भरायच्या आणि बेरिल चुका काढायची. तिसऱ्या वर्षी मिस लमनी तिला इंग्रजीच्या परीक्षेला बसवलं. सत्तावन्नाव्या वर्षी ती सोळा वर्षांच्या पोरांच्या मधल्या बाकावर बसली. त्यातल्या निम्म्यांना तिनं कधी ना कधी कोबी वाढलेला. पास झाली. निकाल घेऊन ती आधी मिस लमकडे गेली, मग माझ्याकडे, आणि शेवटी पिकर्सगिलसाहेबांकडे. साहेबांनी तो कागद तीन वेळा वाचला आणि उभं राहून हात पुढे केला. "अभिनंदन, मिसेस स्टॅन्सफील्ड." त्यावर ती म्हणाली, "बेरिल म्हणा आता. पण टाय बदला."

ती निवृत्त झाली तेव्हा गावानं 'सर्वोत्तम कर्मचारी' असा एक कप द्यायचं ठरवलं. तिनं साफ नकार दिला. स्वयंपाकघरात चौघी जणी, एकीला कप आणि तिघींना टाळ्या? शेवटी चौघींना घेऊन समिती समुद्रकाठच्या स्कारबरोला एक दिवसाच्या सहलीला गेली, आणि मासे-चिप्सच्या दुकानात रांग कशी लावावी यावरून बेरिलचं तिथल्या मालकाशी वाजलं.

नॉर्मन गेल्यावर ती मुलीजवळ मोरकमला राहायला गेली. गेल्या महिन्यापासून तिथल्या वृद्धाश्रमात आहे. रविवारी आमचा फोन असतो. परवा सांगत होती की दाखल होऊन महिना झाला नाही तोच तिथल्या जेवण समितीवर तिला घेतलंय, बिनविरोध. तिथला स्वयंपाकी तरुण आहे आणि हाताला चव आहे म्हणाली, फक्त खिडकीजवळच्या टेबलांना आधी वाढतो.

"मग तू काय केलंस?"

"अजून काही नाही," बेरिल म्हणाली. "आधी त्याच्याशी ओळख वाढवतेय."